वाइन चाखायला शिकताना: आधी मोजमाप, सुगंध मागाहून

डब्ल्यूएसईटी, म्हणजे लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टच्या तिसऱ्या पातळीच्या परीक्षेत विद्यार्थ्यापुढे दोन ग्लास येतात. एकात पांढरी वाइन, एकात लाल. बाटली दिसत नाही, नाव नाही, साल नाही. अर्ध्या तासात दोन्हींचं वर्णन लिहायचं, दर्जा ठरवायचा आणि ही वाइन आणखी ठेवून मुरवण्याजोगी आहे का ते सांगायचं. द्राक्षाची जात ओळखण्याला या पातळीवर गुणच नाहीत. डोळे मिटून एक घोट घ्यायचा आणि गावासकट साल सांगून टाकायचं, अशी वाइनच्या जाणकाराची जी प्रतिमा आपल्या डोक्यात असते, तिचा इथे काही उपयोग होत नाही.

तरीही नाशिक, पुणे, मुंबईकडचे नवे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात एकच रड लावतात: ‘सगळ्यांना पॅशनफ्रूट येतंय, मला नुसती वाइन येतेय.’ माझं म्हणणं असं, की नाकाची काळजी सगळ्यात शेवटी करा. गोडवा, आंबटपणा, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा), अल्कोहोल आणि बॉडी (तोंडात जाणवणारा भरीवपणा) ही पाच मापं आधी पक्की करा. ती सरावाने जवळजवळ कुणालाही जमतात. वासाचं तसं नाही, नाक सहज फसतं. बोर्दोच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून त्यांना हुंगायला दिली, तर त्यांनी वर्णनाला लाल वाइनचे शब्द वापरले. डोळ्यांनी जे सांगितलं, त्याला नाकाने मान डोलावली. पण जी वाइन आंबट आहे ती तुम्ही कोणताही रंग घाला, तोंडाला पाणी सोडणारच.

जागा, वेळ, ग्लास

सकाळी दहा-अकराची वेळ उत्तम. पोट अगदी रिकामं नको आणि मिसळ खाऊन तर अजिबात नको. चहा, टूथपेस्ट, पान, तंबाखू यांच्यानंतर किमान तासभर थांबा. ज्या खोलीत बसणार तिथे फोडणीचा वास, उदबत्ती, गजरा, अंगावरचा परफ्यूम यांपैकी काही नसावं. पिवळ्या दिव्याखाली रंग कळत नाही, म्हणून खिडकीशी बसा आणि टेबलावर पांढरा कागद अंथरा.

ग्लास सगळे एकसारखे हवेत. चाखण्यासाठी आयएसओ मानकाचा ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास मिळतो. तो नसेल तर वर निमुळते होत जाणारे कोणतेही चार ग्लास चालतील, पण चारही सारखे. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. भांडी घासायच्या लिंबू-साबणाचा किंवा बंद कपाटाचा वास त्यात हमखास असतो, आणि मग तोच वाइनच्या नावावर वहीत चढतो.

ओतायची फक्त ५० मिली, आणि थुंकायची. याला पर्याय नाही. सहा वाइनचे ५०-५० मिली म्हणजे ३०० मिली होतात. गिळत गेलात तर चौथ्या ग्लासापासून सगळंच छान लागायला लागतं. पिकदाणी नसेल तर स्टीलचा उभा तांब्या किंवा मोठा मग चालतो. घरी आंघोळीच्या वेळी पाण्याची सरळ धार थुंकून सराव करा, म्हणजे वर्गात शर्ट खराब होत नाही. (वयाचे आणि परवान्याचे नियम अभ्यासालाही लागू असतात, हे वेगळं सांगायला नको.)

तापमानाकडे आपल्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशांतला आहे. एप्रिलमध्ये नाशिकची खोली ३० अंशांच्या वर असते आणि त्या उष्णतेत लाल वाइनचं अल्कोहोल नाकात चढतं, बाकी काही कळत नाही. जड लाल वाइन १५ ते १८ अंशांवर हवी, म्हणून अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी उलट फ्रिजमधून थेट काढली तर इतकी गार असते की वास येतच नाही. ती दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा.

वाइनशिवाय पहिला आठवडा

गाण्याच्या शिकवणीत आधी सा लावून घेतात, तसं इथे जीभ लावून घ्यायची. खर्च जवळपास नाही.

गोडव्यासाठी एकेक लिटर पाण्यात ४, १२, ३० आणि ६० ग्रॅम साखर विरघळवा. युरोपच्या नियमांनुसार लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली साधी वाइन ड्राय, म्हणजे गोड नसलेली, म्हणवते, आणि १२ ग्रॅम ही ब्रूट म्हणवणाऱ्या स्पार्कलिंगची, म्हणजे फसफसत्या वाइनची, वरची मर्यादा. आता ३० ग्रॅमच्या पाण्यातलं एक ग्लासभर वेगळं काढून त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखा. साखर तेवढीच, पण लिंबू पिळलेलं कितीतरी कमी गोड लागतं. आंबट वाइनमधली साखर नवख्याला का सापडत नाही, ते या एका घोटात कळतं.

टॅनिनसाठी कोरा चहा. एकाच पत्तीचे तीन कप करा, एक दोन मिनिटांनी गाळा, दुसरा पाच, तिसरा पंधरा, आणि तिन्ही गार होऊ द्या. तिसरा कप तोंडात फिरवला की हिरड्या आणि गालांची आतली बाजू ओढल्यासारखी होते, वरचा ओठ दाताला चिकटतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंडातला ओलावा हरवतो. हा कडवटपणा नव्हे. कारल्याची कडू चव जिभेवर असते. कच्च्या केळ्याचा किंवा जांभळाचा तुरटपणा सगळ्या तोंडात असतो. या दोन्हींची गल्लत भले भले करतात.

अल्कोहोलसाठी आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्होडका घ्या. एका ग्लासात ५० मिली व्होडका आणि १५० मिली पाणी, म्हणजे साधारण १०.७ टक्के. दुसऱ्यात ७० मिली व्होडका आणि १३० मिली पाणी, म्हणजे जवळपास १५ टक्के. थुंकल्यावर घशाच्या तोंडाशी किती ऊब राहते ते पाहा. परीक्षेच्या मोजपट्टीवर ११ टक्क्यांखाली कमी, ११ ते १३.९ मध्यम आणि १४ पासून पुढे जास्त धरतात. हे दोन ग्लास त्या पट्टीच्या दोन टोकांना आहेत. कुणाला तरी ग्लासांच्या जागा बदलायला सांगा आणि न बघता ओळखा.

जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट असा नकाशा शाळेत पाहिला असेल तर विसरा. सगळ्या चवी जिभेच्या सर्व भागांवर कळतात.

ग्लास समोर आल्यावर

क्रम ठरलेला आहे: दिसणं, नाक, तोंड, निष्कर्ष. तो बदलू नका. घाईत विसरायला होऊ नये म्हणूनच तो आहे.

दिसण्यावर अर्धं मिनिट पुरे. ग्लास ४५ अंशांत कागदावर तिरपा धरा. पांढरी वाइन लेमन, गोल्ड, अंबर अशी सरकत जाते. लाल पर्पल, रुबी, गार्नेट, टॉनी अशी. वय वाढतं तशी पांढरी गडद होते आणि लाल फिकी पडते. रंगाची गडदता फिकी, मध्यम की गडद एवढंच लिहा. रंगावरून चवीचे अंदाज बांधायला जाऊ नका. इटलीतली नेब्बिओलो दिसायला फिकट लाल, आणि तोंडात घेतली की टॅनिनने हिरड्या सोलवटून काढते.

नाकाला आधी एकच प्रश्न विचारायचा: वाइन ठीक आहे ना? ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास आला तर बुचामुळे शिरलेलं टीसीए नावाचं रसायन. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे उडून जाणारी आम्लं आणि त्यांच्या नात्यातले पदार्थ वाढलेत. सडक्या अंड्याचा वास म्हणजे रिडक्शन (हवा न मिळाल्याने तयार झालेले गंधकाचे वास), आणि तो ग्लास जोरात घुसळल्यावर कधी कधी निघून जातो. ताज्या वाइनला मार लागलेल्या सफरचंदाचा, शिळा वास आला की ऑक्सिडेशन, म्हणजे हवा जास्त लागली. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती उन्हात तापलेली बाटली. दुकानाच्या दर्शनी काचेत उभी असलेली, बूच वर सरकलेली किंवा मानेशी चिकट ओघळ असलेली बाटली अभ्यासाला घेऊच नका.

मग ग्लास न हलवता एकदा हुंगा, घुसळून पुन्हा हुंगा. तीव्रता किती ते लिहा. त्यानंतर वासाचा गट ठरवा, एकदम नाव नको. लिंबूवर्गीय आहे, हिरव्या सफरचंदाच्या कुळातलं आहे, पीचसारखं कोयीचं फळ आहे की आंबा-अननसासारखं उष्ण प्रदेशातलं? लाल वाइन असेल तर लाल फळ की काळं? गट सापडला की त्यातलं एखादं-दुसरं नाव आपोआप सुचतं. अ‍ॅन नोबल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत १९८० च्या दशकात तयार केलेलं अरोमा व्हील हेच करतं: आत मोठे गट, बाहेर बारीक नावं.

फळ-फुलांखेरीज दोन गोष्टी शोधायच्या. लोणी, दही, पाव, व्हॅनिला, लवंग, नारळ हे वाइन बनवताना आलेले वास, म्हणजे ओकची पिंपं, यीस्टचा गाळ किंवा मॅलोलॅक्टिक प्रक्रियेचे (हिच्यात जिवाणू वाइनमधलं तीव्र आम्ल सौम्य करतात). सुका मेवा, मध, चामडं, मशरूम, पालापाचोळा हे मुरण्यातून आलेले. या तीन थरांपैकी किती सापडले, हे पुढे दर्जा ठरवताना कामाला येतं.

आता तोंड. घोट बेताचा घ्या, सगळ्या तोंडात फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. मग एका घोटाला एकच प्रश्न विचारा. पाचही मापं एका घोटात पकडायला गेलात की एकही धड हाती लागत नाही.

पहिला घोट गोडव्यासाठी. पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू गोड लागल्याचं सांगतो, म्हणून नाक चिमटीत धरून चाखा. तरीही गोड लागलं तर साखर आहे. दुसरा आंबटपणासाठी: थुंका, मान खाली घाला, तोंड अर्धवट उघडं ठेवा आणि लाळ किती वेगाने आणि किती वेळ सुटते ते बघा. दात आंबल्यासारखे झाले तर जास्त. तिसरा टॅनिनसाठी, चौथा उबेसाठी. बॉडी ही या सगळ्यांची बेरीज: वाइन पाण्यासारखी पातळ सुटते की तोंड भरून राहते. शेवटी फिनिश. थुंकल्यावर चांगली चव किती रेंगाळते ते मनात सेकंद मोजून लिहा. नुसता कडवटपणा किंवा घशाची आग रेंगाळली तर ती धरायची नाही.

एक नोंद, दोन तऱ्हांनी

समजा समोर नाशिकची एक तरुण, ओक न लागलेली सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी वाइन आहे. पहिल्या महिन्यातली वही साधारण अशी असते: ‘छान, फ्रेश, फ्रूटी. लिंबू, पेरू, गवत, थोडं मध? उन्हाळ्यात मस्त.’ यात परीक्षकाला गुण द्यायला काही सापडत नाही. त्याच वाइनची उपयोगी नोंद बघा:

‘रंग फिका लेमन. वास स्वच्छ, तीव्रता मध्यम. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पेरू, ढोबळी मिरची, कापलेलं गवत. ओकचे वा मुरल्याचे वास नाहीत; वाइन तरुण. ड्राय. आंबटपणा मध्यमच्या वर. अल्कोहोल मध्यम. बॉडी हलकी ते मध्यम. चवीची तीव्रता मध्यम, फिनिश मध्यम. दर्जा: चांगली. आंबटपणा आणि फळ एकमेकांना तोलून आहेत, कुठलीच गोष्ट वर येत नाही, आणि वास स्पष्ट आहेत. पण सगळे वास पहिल्याच थरातले आणि फिनिश मध्यमच, म्हणून त्याहून वर नाही. आत्ता प्यावी, मुरवण्याजोगी नाही, कारण तीव्रता आणि बांधणी तेवढी नाही.’

ढोबळी मिरची इथे उगाच नाही. सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉनमध्ये मेथॉक्सिपायराझिन गटातले जे पदार्थ असतात, तेच ढोबळी मिरचीतही असतात. दर्जाच्या निकालामागे चार कसोट्या आहेत: तोल, फिनिशची लांबी, तीव्रता, गुंतागुंत. वर्गात चालणारा ठोकताळा असा, की चारही जमल्या तर अप्रतिम, तीन जमल्या तर फार चांगली, दोन तर चांगली, एक तर चालण्याजोगी. निकालापेक्षा ‘कारण’ या शब्दानंतर काय लिहिता, त्याला वजन असतं. तुमची आवड-नावड तिथे येऊ देऊ नका. मला स्वतःला फार ओक मारलेली शार्डनेय सोसत नाही, पण ती तोललेली असेल तर वहीत तसंच लिहावं लागतं.

जोड्या लावून चाखा

एकेकटी वाइन चाखून फार थोडं कळतं. शेजारी दुसरी ठेवली की फरक आपोआप बोलतो. आपल्याकडे सहज जमणाऱ्या जोड्या बऱ्याच आहेत. नाशिकची सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ घ्या. शेनिन बऱ्याचदा किंचित गोड ठेवलेली असते, तो गोडवा पकडायचा. तिला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन जोडली की गोडव्याची पूर्ण शिडी होते. पिंपात न ठेवलेली शिराझ आणि सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ शेजारी ठेवा: द्राक्ष तेच, ओक वेगळा. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेझे आणि कुठलीही कॅबरने घेतली तर लाल फळ आणि काळं फळ यांतला फरक नाकाने कळतो. हात थोडा सैल असेल तेव्हा बाहेरच्या बाटल्या: आंबटपणाचं वरचं टोक कळायला शाब्ली किंवा जर्मन रीझलिंग, खालचं कळायला गेव्हुर्ट्झट्रामिनर. नुसत्या भारतीय वाइनवर तयारी केली तर मोजपट्टीची टोकं कळत नाहीत, हे मात्र खरं.

शिराझमध्ये मिऱ्याचा वास सगळ्यांना येतो आणि तुम्हाला येत नाही, असं झालं तर खट्टू होऊ नका. तो वास रोटंडोन नावाच्या पदार्थाचा, मिऱ्यात असतो तोच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो वाइनमध्ये शोधला, तेव्हा चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना तो कितीही वाढवला तरी कळत नव्हता. अशा जागा प्रत्येकाच्या नाकात असतात. आपल्या कोणत्या ते माहीत असलं की झालं.

नाकाला सराव द्यायचाच तर डब्या करा. मिरे, लवंग, दालचिनी, लिंबाची साल, पेरूची फोड, जांभूळ, मध, ओला पुठ्ठा अशी एकेक वस्तू झाकणाच्या डबीत घालून डोळे मिटा आणि घरातल्या कुणाकडून तरी नाकापुढे धरवून घ्या. ओळखीचा लवंगेचा वासही नुसत्या नाकाने ओळखताना किती अडखळायला होतं ते बघाच. स्वतःच्या वहीत करवंद लिहा, जांभूळ लिहा, तुम्हाला आठवायला तेच सोपं. उत्तरपत्रिकेत मात्र परीक्षेच्या यादीतलेच शब्द लागतात, म्हणून तुमच्या प्रत्येक शब्दापुढे यादीतला जवळचा शब्द आजच लिहून ठेवा. फक्त युरोपातल्या गूजबेरीला आवळा समजू नका, ती निराळी.

सराव खरंच होतोय का, हे तपासायला तीन ग्लासांची चाचणी घ्या. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास काढायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून दहा-बारा वेळा करून पाहा. दोन्ही वाइन एकाच रंगाच्या हव्यात, नाहीतर डोळेच उत्तर देतात. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा आणि ओतणारा माणूस चाखणाऱ्यांत नको.

खर्चाचं म्हणाल तर ७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे १५ ग्लास निघतात. सहा जणांनी एकेक बाटली आणली की प्रत्येकाला सहा वाइन चाखून बाटलीत अर्ध्याहून जास्त उरते. उरलेली लगेच छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस अभ्यासाला बरी राहते. त्याच वाइनची तिसऱ्या दिवशी पुन्हा नोंद करा आणि मगच पहिली नोंद उघडा.

परीक्षेचा दिवस

नव्या ग्लासला हात घालण्यापूर्वी, शक्य असेल तर सकाळी घरीच, ज्या वाइनची मापं तुम्हाला पाठ आहेत तिचा एक घोट घेऊन थुंका. दिवसाचा पहिला घोट नेहमी जास्त आंबट लागतो. तो तिथे संपू द्या. अर्ध्या तासातली १५ मिनिटं एका वाइनला. दोन्ही हुंगून घ्या, मग पांढरीपासून सुरुवात करा, कारण लालचं टॅनिन तोंडातून लवकर जात नाही. वास सुचत नसतील तर ती ओळ मोकळी सोडून मापं भरत जा आणि शेवटी परत या. तोवर ग्लास थोडा गरम झालेला असतो आणि वास मोकळे होतात. मध्यम आणि मध्यमच्या वर यांत अडकलात तर पहिलं जे वाटलं तेच ठेवा.

ओळखण्याचा खेळ पुढच्या पायऱ्यांवर आहेच. कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिएर्स या, हॉटेलांत वाइन सुचवणाऱ्या-वाढणाऱ्या जाणकारांची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सर्वांत वरच्या परीक्षेत २५ मिनिटांत सहा वाइन तोंडी ओळखायच्या असतात. मास्टर ऑफ वाइनच्या परीक्षेत तीन पेपर मिळून ३६ वाइन असतात. सोनल हॉलंड २०१६ साली ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तिथेही उत्तर याच मापांवरून काढतात: आंबटपणा इतका, टॅनिन इतकं, ओक असा, म्हणून हा प्रदेश असेल आणि तो नसेल. त्यामुळे आत्ता वहीत मापांचा रकाना आधी आणि वासांचा नंतर आखा.